लोंबता भार आणि मोकळा आंकडा

महाड आणि पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या कुशींत वसलेले आहेत. महाबळेश्वराहून उतरलेली सावित्री पोलादपुरावरून महाडास येते आणि पुढें बाणकोटच्या खाडीस मिळते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं ह्याच नदीच्या पुरानें महाडजवळचा, मुंबई-गोवा रस्त्यावरील ब्रिटिश अमदानींतला दगडी पूल वाहून नेला. एस. टी. च्या दोन गाड्या प्रवाशांसह पाण्यांत गेल्या. दुसऱ्या दिवशीं हेलिकॉप्टरें शोधार्थ नदीवर फिरूं लागलीं. परंतु बुडालेल्या गाड्या हुडकण्याकरितां आणलेला सुमारें ३०० किलोचा लोहचुंबक क्रेनच्या दोरानेंच पाण्यांत सोडण्यांत आला. पुढें २२ जुलै २०२१ रोजीं तळिये गांवावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यांतही दरडींनीं बळी घेतले आणि महाड शहर पुरांत सांपडलें. २३ जुलैच्या पहाटे मुंबईच्या शिक्रा तळावरून नौदलाचें सीकिंग हेलिकॉप्टर सुटकेच्या कामासाठीं पोलादपूरकडे निघालें.

अशा प्रसंगीं सामान्य मनुष्यास वाटतें कीं, जें यंत्र आकाशांत एका जागीं स्थिर राहतें, त्यानें कोणतेंही ओझें उचलून कोठेंही ठेवावें. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. १९४४ च्या एप्रिलांत ब्रह्मदेशाच्या अरण्यांतून जखमी सैनिक हेलिकॉप्टरनें सोडविले, तेव्हां एका खेपेस एकच मनुष्य नेतां येत असे. १९७३ सालीं अमेरिकन आरमारानें व्हिएतनामच्या किनाऱ्यावर सुरुंग काढण्याचीं अवजड साधनें हेलिकॉप्टरांकरवीं पाण्यांतून ओढविलीं. तीस वर्षांत यंत्राची शक्ति अशी वाढली. दोरीचा स्वभाव मात्र तोच राहिला.

दोरीला टांगलेला भार म्हणजे लंबकच होय. पंधरा मीटर लांबीचा लंबक सुमारें आठ सेकंदांत एक आंदोलन पुरें करतो. वैमानिक घाईनें त्यास आवरूं गेला, तर त्याचा प्रत्येक उपाय झोक्यास उलट बळच देतो. ओढण्याच्या कामीं यंत्र पुढें झुकलेलें असतें. दोर अकस्मात् तुटला, तर तें पुढें झेपावतें. आणि भार एकाएकीं सुटला, तर? समजा, चार टनांचें यंत्र एक टन भार घेऊन स्थिर आहे. त्याचीं पातीं पांच टनांचें वजन तोलीत असतात. आंकडा उघडतांच एक टन जोर शिल्लक उरतो आणि यंत्र वर उसळतें. म्हणून वैमानिकास डाव्या हातांतील दांडा त्याच क्षणीं, परंतु बेतानें, खालीं करावा लागतो.

तरीही आंकडा उघडण्याची सोय हीच वैमानिकाची शेवटची ढाल असते. ३१ ऑगस्ट २०२४ रोजीं केदारनाथजवळ वायुसेनेचें एम. आय. १७ हेलिकॉप्टर एक नादुरुस्त हेलिकॉप्टर टांगून नेत होतें. वाऱ्यानें व भारानें तोल जाऊं लागला, तेव्हां वैमानिकानें मोकळी जागा पाहून तें खालीं सोडून दिलें. यंत्राचा चुराडा झाला. माणूस मात्र एकही दगावला नाहीं.

येथेंच पोलादपूर-महाडच्या खोऱ्यांचा प्रश्न उभा राहतो. तेथें दऱ्या अरुंद, पावसाळ्यांत ढग खालीं उतरलेले आणि डोंगरउतारांवर वाड्या वसलेल्या. भार सोडण्याची वेळ आली, तर खालीं कोणाचें घर असेल? म्हणून टांगल्या भाराचा मार्ग आधींच निर्जन जागांवरून आंखणें हें उड्डाणाइतकेंच महत्त्वाचें आहे. भार उचलण्यास बळ लागतें. तो कोठें सोडावा लागेल, याचा विचार मात्र उचलण्यापूर्वींच करावा लागतो.