काळी, पांढरी आणि सांकलिया

नेवासे हे नाव मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला शके १२१२ शी जोडूनच आठवते. प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि आमच्या अभ्यासक्रमातले नेवासे तेथेच सुरू होऊन तेथेच संपते. याच गावी १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इंग्रजी अहवालाच्या शीर्षकाचा आशय ‘इतिहासाकडून प्रागितिहासाकडे’ असा आहे. इतिहासग्रंथ आरंभापासून आपल्या काळाकडे येतो. उत्खनकाला मात्र आधी अलीकडचा थर लागतो, आणि खाली जाता जाता लिपी सुटते, राजांची नावे सुटतात, शेवटी हाती राहतात मडकी, हाडे आणि दगडी हत्यारे. या शब्दहीन थरांचे वाचन शिकवणारे आचार्य म्हणून आम्हांला हसमुख धीरजलाल सांकलिया यांचे स्मरण करावेसे वाटते.

सांकलिया मूळचे ग्रंथांचेच अभ्यासक. १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. संस्कृत हा त्यांचा विषय. फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला व तो १९३४ साली ग्रंथरूपाने आला. पुढे लंडनला गुजरातच्या पुरातत्त्वावर डॉक्टरेट करीत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात ते सहभागी झाले आणि थरांची शिस्त प्रत्यक्ष हाताने शिकले. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा ते तेथे प्राध्यापक झाले आणि १९७३ पर्यंत तेथेच राहिले. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आपल्या खेड्यांत ‘काळी’ म्हणजे शेतीची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंती, राख आणि केरकचरा साचून झालेली पांढरीची टेकाडे नदीकाठी जागोजाग दिसतात. सांकलिया आणि त्यांचे विद्यार्थी या टेकाडांचा माग काढीत हिंडले. गुजरातेतील लांघणज, कोल्हापूरची ब्रह्मपुरी, नाशिक व जोर्वे, नर्मदाकाठचे महेश्वर व नावडातोली, राजस्थानातील आहाड अशी ही उत्खननांची मालिका आहे. जोर्वे हे संगमनेरजवळचे लहानसे गाव. तेथील तांबूस, काळ्या नक्षीच्या, तोटीच्या भांड्यांवरून इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातल्या एका शेतकरी संस्कृतीला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. १९६८ साली घोड नदीकाठी इनामगावचे उत्खनन सुरू झाले. ते १९८२ पर्यंत चालले आणि महाराष्ट्रातल्या या आद्य शेतकऱ्यांची घरे, पिके व दफने तपशिलाने उजेडात आली.

या लोकांचा एकही शब्द आपल्याजवळ नाही. तरी ते काही सांगत नाहीत असे म्हणवत नाही. मेलेल्या मुलाला दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून, ते घराच्याच जमिनीखाली पुरीत. नेवाशाच्या अशा एका दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांत टिकून राहिलेला दोरा तपासला, तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम आढळले. शोकाचा याहून स्पष्ट पुरावा लिखित साहित्यातही क्वचितच सापडतो.

परंतु निनावी माणसांना निनावी राहू देणे संस्कृतज्ञाला अवघडच जात असावे. नावडातोलीच्या तोटीच्या भांड्यांचे इराणमधील भांड्यांशी साम्य दिसताच सांकलियांनी त्यांचा संबंध आर्यांच्या आगमनाशी जोडून पाहिला. भांड्यांच्या आकारावरून भाषा ठरवता येत नाही, हा त्यावरचा आक्षेप आज सर्वमान्य झाला आहे. १९७३ साली त्यांनी रामायणावर पुस्तक लिहिले. तेथे त्यांची दृष्टी उलट दिशेने चालली: नाव कोरलेली अंगठी, शालवृक्षांचे उल्लेख असे तपशील हे त्यांना काव्यातले थरच वाटले, आणि त्यांच्या आधारे रामकथेची लंका त्यांनी सिंहलद्वीपाऐवजी मध्य भारतात शोधली. त्यावर बराच वाद झाला. निष्कर्ष पटो वा न पटो, महाकाव्य एका काळी एका हाताने घडत नाही, ही त्यांची मूळ भूमिका पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परकी वाटू नये.

२८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या चुकांपासूनही आम्हांला शिकायचे आहे, आणि ते असे की ग्रंथ व माती यांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत, एकाने दुसऱ्याची रिकामी जागा घाईने भरू नये. मराठी वाङ्‌मयाचा इतिहास पहिल्या शिलालेखापासून सुरू करण्यास आमची हरकत नाही. मात्र नेवासे शिकवताना ज्ञानदेवांच्या कितीतरी आधी त्याच मातीत कोणी आपल्या मुलाला माळ घालून निरोप दिला होता, एवढे तरी वर्गात सांगितले जावे.