अंकीय माध्यमे आणि युवकांचे मानसिक आरोग्य (संशोधनाचा इतिहास)

संगणक, आंतरजाल, स्मार्टफोन व समाजमाध्यमे यांच्या वापराचा किशोरवयीन मुलांच्या व तरुणांच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो, याविषयीचे संशोधन मुख्यतः १९९५ नंतरचे आहे. परंतु त्यामागील शंका जुनी आहे. चित्रपटांचा मुलांवर होणारा परिणाम तपासण्यासाठी अमेरिकेत पेन फंड या निधीच्या साहाय्याने १९२९ ते १९३२ या काळात अध्ययने झाली. दूरचित्रवाणीविषयी हिल्ड हिमेलवाइट व त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडमध्ये (१९५८) आणि विल्बर श्रॅम व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत (१९६१) विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केले. एकच माध्यम सर्व मुलांवर सारखा परिणाम करीत नाही, हा त्यांतील निष्कर्ष पुढील पिढीतील वादांत पुष्कळदा विसरला गेला.

आंतरजालासंबंधीचे पहिले गाजलेले अध्ययन कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबर्ट क्राउट व त्यांच्या सहकाऱ्यांचे होय. त्यांनी पिट्सबर्गमधील ७३ कुटुंबांना संगणक व आंतरजालाची जोडणी पुरविली आणि १६९ व्यक्तींचे पहिल्या एकदोन वर्षांतील अनुभव नोंदविले. या प्रकल्पास संगणक व दूरध्वनी उद्योगांचेही अर्थसाहाय्य होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मात्र प्रतिकूल निघाले. संपर्कासाठी वापरले जाणारे हे साधन जे अधिक वापरीत, त्यांचा कुटुंबीयांशी संवाद किंचित कमी झालेला आणि एकाकीपणा व खिन्नता किंचित वाढलेली आढळली. तुलनेसाठी वेगळा गट घेतलेला नसल्याने या अध्ययनावर टीका झाली. त्याच व्यक्तींपैकी काहींची पुन्हा पाहणी करून क्राउट यांनी २००२ मध्ये आधीचे दुष्परिणाम बव्हंशी ओसरल्याचे जाहीर केले. आपला गाजलेला निष्कर्ष स्वतःच दुरुस्त करण्याचे हे उदाहरण या क्षेत्रात विरळाच म्हणावे लागेल. याच निबंधातील दुसऱ्या एका नमुन्यात बहिर्मुख व्यक्तींना आंतरजालाचा लाभ, तर अंतर्मुख व्यक्तींना तोटा झाल्याचे दिसले.

फेसबुक (२००४), आयफोन (२००७) व इन्स्टाग्राम (२०१०) यांच्या प्रसारानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. आंतरजाल घरातील टेबलावरून मुलांच्या खिशात आले. अमेरिकेतील किशोरवयीन मुलांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, २०१० नंतर खिन्नतेची लक्षणे व आत्महत्यांचे प्रमाण वाढल्याचे जीन ट्वेंगी यांनी दाखविले. पाच लाखांहून अधिक मुलांच्या उत्तरांवर आधारलेल्या आपल्या निबंधात (२०१८) त्यांनी या वाढीचा संबंध पडद्यापुढे घालविलेल्या वेळेशी जोडला. मुलांच्या जिवाशी निगडित असल्याने पालक, शाळा व कायदेमंडळे यांवर या प्रतिपादनाचा मोठा प्रभाव पडला.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये त्याला उत्तर दिले. अमेरिकेतील दोन व ब्रिटनमधील एक अशा तीन मोठ्या पाहण्यांतील ३,५५,३५८ मुलांची माहिती त्यांनी घेतली. संशोधकाने कोणते प्रश्न निवडावे व कोणते घटक गृहीत धरावे याचे हजारो पर्याय संभवतात. त्यांपैकी सोयीचा एक न घेता त्यांनी सर्व पर्यायांचे गणित मांडले. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जी तफावत असते, तिच्यापैकी जास्तीत जास्त ०·४ टक्के भाग अंकीय साधनांच्या वापराशी संबंधित असल्याचे त्यांना आढळले. नेहमी बटाटे खाण्याचा मनःस्वास्थ्याशी असलेला प्रतिकूल संबंध जवळजवळ तेवढाच, तर चष्मा वापरण्याचा त्याहून अधिक निघाला. ही तुलना वृत्तपत्रांनी उचलून धरली. परंतु सरासरी संबंध क्षीण असला, तरी काही मुलांना गंभीर इजा होत नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही. खुद्द ऑर्बेन यांनीच २०२२ मध्ये ब्रिटनमधील माहितीवरून समाजमाध्यमांबाबत अधिक संवेदनशील असे वयोगट दाखवून दिले : मुलींमध्ये ११ ते १३, मुलांमध्ये १४ ते १५ आणि दोहोंत १९ च्या सुमारास.

मोजमापाचा दोष याहून मूलभूत आहे. पिट्सबर्गमध्ये वापराची नोंद यंत्राद्वारे होत असे. नंतरच्या विशाल पाहण्यांत मात्र मुलांनाच तास विचारले गेले, आणि असे सांगितलेले तास प्रत्यक्ष नोंदींशी नीट जुळत नाहीत, हे २०२१ मधील एका संकलित विश्लेषणाने स्पष्ट केले. शिवाय खिन्न मूल फोनकडे वळते की फोनमुळे मूल खिन्न होते, हे केवळ सहसंबंधावरून ठरत नाही. त्यामुळे अर्थशास्त्रज्ञांच्या मार्गाला महत्त्व आले. फेसबुक अमेरिकेतील महाविद्यालयांत २००४ पासून टप्प्याटप्प्याने खुले झाले होते. या मागेपुढे होण्याचा उपयोग करून लुका ब्राघिएरी व सहकाऱ्यांनी (२०२२) त्याच्या आगमनानंतर विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य ढासळल्याचे दाखविले. प्रत्यक्ष प्रयोगाच्या जवळ जाणारा हा पुरावा असला, तरी तो आजच्या अल्गोरिदमचलित चलच्चित्रमालांपूर्वीचा आहे.

भारतात बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हान्स) २०१४ मध्ये तंत्रसाधनांच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून ‘गेमिंग विकृती’स स्थान मिळाले, समाजमाध्यमांच्या अतिवापरास तसे स्वतंत्र स्थान देण्यात आले नाही.

जोनाथन हाइट यांच्या २०२४ मधील ग्रंथाने वाद पुन्हा पेटला. त्यांच्या कार्यकारणमीमांसेस पुरेसा आधार नाही, असा आक्षेप कँडिस ऑजर्स यांनी घेतला. शास्त्रज्ञांचे एकमत होण्याची वाट न पाहता ऑस्ट्रेलियाच्या संसदेने नोव्हेंबर २०२४ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा संमत केला. तो १० डिसेंबर २०२५ पासून अंमलात आला. त्यातील दंडाची तरतूद कंपन्यांसाठी आहे, मुलांसाठी वा पालकांसाठी नाही.