बाग आणि वेधशाळा



सुट्टीच्या दिवशीं मुलांना घेऊन कोठें जावें, हा प्रश्न पुण्यांतील गृहस्थाला नवा नाहीं. सारसबागेंत गणपतीचें दर्शन घ्यावें, पलीकडे पेशवे उद्यानांत १९५६ सालीं सुरू झालेली ‘फुलराणी’ मुलांना दाखवावी, हा क्रम ठरलेला. मात्र दिवेलागण झाली कीं आपण घरची वाट धरतों आणि बागेवरचें आकाश पाहावयाचें राहून जातें.

याच पुण्यांत एकेकाळीं भारतांतील सर्वांत मोठी दुर्बीण होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी आणि मुंबई सरकारचें साहाय्य यांवर संगमाजवळील कॉलेज ऑफ सायन्समध्यें १८८८ च्या सुमारास महाराजांच्या नांवाची वेधशाळा उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला हे तिचे प्रमुख. डब्लिनच्या ग्रब यांनीं बांधलेली ती दुर्बीण वीस इंच व्यासाच्या आरशाची होती. १८९८ च्या जानेवारींत खग्रास सूर्यग्रहण झालें, तेव्हां नायगामवालांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ देऊन वेध घेतले आणि १९०२ सालीं त्यांचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें १९१२ सालीं ते सेवानिवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि यंत्रें कोडाईकनालला गेलीं.

योगायोग असा कीं, त्याच १९१२ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरास ग्रिफिथ नांवाच्या धनिकानें वेधशाळेसाठीं एक लक्ष डॉलर देऊं केले. शहराला उद्यानाकरितां ३,०१५ एकर जमीन त्यानें १८९६ सालींच दिली होती. वेधशाळेच्या कामांत अडथळे आले; १९१९ सालीं तो वारलाहि. तरी त्याच्या मृत्युपत्रांतील तरतुदीमुळें १९३५ च्या मे महिन्यांत त्या उद्यानांतील टेकडीवर वेधशाळा उघडली, आणि तींत प्रवेशास पैसा पडत नाहीं.

तेथें मनुष्य गेल्यावर वेधशाळा उभी राहिली. येथें मनुष्य निवृत्त होतांच उभी असलेली वेधशाळा गेली. संशोधनाचें साधन संशोधकांच्या हातीं गेलें, यांत गैर कांहीं नाहीं. पण ग्रिफिथची वेधशाळा मुलांचा हात धरून येणाऱ्या नागरिकांसाठीं होती. पुण्याची दुर्बीण महाविद्यालयाच्या आवारांतली. ती गेल्याची चुटपुट लागावी, एवढी तिची आणि नगराची ओळखच झाली नव्हती.

ती ओळख करून देण्याचें काम पुढें हौशी मंडळींनीं हातीं घेतलें. १९४४ सालीं पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. तिच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत शाळकरी मुलालाहि दुर्बिणीस डोळा लावतां येतो.

आज शहर हिंजवडीच्याहि पलीकडे पसरलें आहे. तेथें ‘पार्क’ म्हणजे संगणकाच्या कचेऱ्यांची वसाहत, आणि तिच्या दिव्यांच्या झगमगाटांत मंद तारे दिसेनासे होतात. तेव्हां पुढच्या सुट्टींत बागेंतून परततांना क्षणभर थांबावें. शनीचीं कडीं दिसण्यास वीस इंची आरसा लागत नाहीं. लहानशी दुर्बीण पुरते, आणि ती मुलाच्या हातीं देणारें कोणी वडील माणूस.