दाताचा मकबरा आणि उडालेले पत्रे

बीड शहराच्या दक्षिणेला करजनी गावाजवळच्या डोंगरावर एक छोटासा दगडी मकबरा उभा आहे. त्यात कोणी वली नाही, बादशहाही नाही. आहे तो फक्त बादशहाचा एक दात. सुलतान मुहंमद बिन तुघलक इ.स. १३४१ च्या सुमारास या मुलखातून लष्करासह जात असताना त्याचा दात पडला, तो त्याने समारंभाने दफन करविला आणि वर इमारत उभारली, ही हकीकत फरिश्त्याच्या तवारिखेत नोंदलेली आहे. शाळेच्या पुस्तकांनी या सुलतानाला 'वेडा मुहंमद' करून ठेवले असल्याने हा मकबरा म्हणजे वेडेपणाचा आणखी एक पुरावा, असे सांगून लोक हसतात. मुलांना दिल्ली-दौलताबादचा धडा शिकविताना आम्हीही पुष्कळ वर्षे हसत होतो.

पण हसणाऱ्यांपैकी फार थोडे जण तो डोंगर चढून गेलेले आहेत. आम्ही गेलो तेव्हा मे महिन्याची अखेर होती. माथ्यावर वारा असा की बोललेले शेजाऱ्याला ऐकू जाईना, डोक्यावरची टोपी हातात धरावी लागली. आडोशाला झाड नाही, भिंत नाही. अशा जागी ही इमारत जवळजवळ पावणेसातशे वर्षे वारा खात उभी आहे. ज्याने दात पुरविला त्याच्याविषयी एवढे बोलले जाते. ज्यांनी दगड रचले त्यांच्याविषयी एक ओळही कोणी लिहिली नाही. आमच्या मनात तेव्हापासून हा प्रश्न घर करून आहे की, आमच्या भागातील बांधणाऱ्यांना वाऱ्याविषयी काय माहीत होते, आणि आम्ही त्यातले काय विसरलो?

तुघलक घराण्याला इमारत कोसळणे म्हणजे काय हे चांगले ठाऊक होते. मुहंमदाचा बाप गियासुद्दीन १३२५ मध्ये अफगाणपूर येथे स्वागतासाठी घाईने उभारलेल्या लाकडी मंडपाखाली चिरडून मेला. बर्नी म्हणतो वीज पडली. इब्न बतूता म्हणतो हा मुलाचाच डाव होता. खरेखोटे अल्लाह जाणे. पण त्याच गियासुद्दीनचा दिल्लीतला मकबरा पाहावा. भिंती तळाशी जाड आणि वर जाताना आत कललेल्या, इमारत जणू पाय पसरून बसली आहे. वर घुमट. घुमटाला कडा नसते आणि वाऱ्याला पकड मिळते ती कडेला. गोल पृष्ठावरून तो घसरत पुढे जातो, आणि खाली दगडाचे वजन एवढे की उचलण्याची गोष्टच निघत नाही.

दौलताबादचा चांद मिनार ज्यांनी पाहिला असेल त्यांना हेच आणखी उंचीवर दिसेल. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाच्या काळात, १४४५ च्या सुमारास उभारलेला हा मिनार सुमारे २१० फूट उंच आहे. जमिनीलगत झाडे, घरे, टेकाडे वाऱ्याला अडवतात. वर जावे तसा तो मोकळा आणि जोराचा होतो. म्हणून मिनार वर निमुळता होत जातो. जिथे वारा जास्त तिथे त्याच्यासमोर अंग कमी. आणि तो गोल आहे. तेवढ्याच रुंदीच्या चौकोनी खांबावर वारा जेवढा रेटा देतो, त्याच्या साधारण निम्माच गोल खांबावर बसतो. ही आकडेमोड त्या कारागिरांनी कागदावर केली नव्हती. पण पडलेल्या मिनारांनी त्यांना शिकविले असणार, आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे ते ज्ञान हातांनीच गेले असणार.

आता डोंगरावरून खाली गावात येऊ. आमच्या मराठवाड्यातले जुने घर म्हणजे धाब्याचे घर. दगडमातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, निंबाचा पाला, आणि वर फूट-फूट पांढरी माती. उन्हाळ्यात दुपारी आत गारवा, पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, रात्री तिथेच चटई अंथरून झोपायचे. २० फूट बाय २० फुटांच्या खोलीवर एक फूट माती धरली तर तिचे वजनच १५ टनांहून अधिक होते. असले छत कोणते वादळ उडविणार? आमच्या दादीच्या सगळ्या आठवणींत पूर होता, दुष्काळ होता, रझाकारी आणि पोलीस ॲक्शन होते. वाऱ्याने घर नेल्याची आठवण एकही नव्हती.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. चार वाजण्याच्या थोडे आधी किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गेली. त्यांना मारले ते याच दगडमातीच्या भिंतींनी आणि याच धाब्यांनी. आम्ही तेव्हा पाच-सहा वर्षांचे होतो. त्या रात्रीनंतर कित्येक दिवस मोहल्ला अंगणात झोपत होता. पुढच्या उन्हाळ्यात अब्बांनी दोन मजूर लावून धाब्याची माती खाली ओढली आणि वर पत्रे टाकले. त्या वर्षी आणि नंतर कितीतरी घरांनी तेच केले. डोक्यावरचे ओझे उतरले, असेच सगळ्यांना वाटले, आणि ते चूक नव्हते. भूकंपात हलके छत जीव वाचविते.

पण भूकंप आणि वारा यांची मागणी उलटी असते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. भूकंपाला हलके घर हवे, वाऱ्याला जड. धाबे उतरवून पत्रा घालणाऱ्या माणसाने एका संकटाचा दरवाजा बंद करून दुसऱ्याचा उघडला होता. दोन्हींतून वाचण्याचा एकच रस्ता आहे : छत हलके ठेवा, पण त्याला खाली पक्के बांधा. आणि आमच्याकडे पत्रा बांधीत नाहीत, ठेवतात. वर दगड ठेवतात, जुने टायर ठेवतात, जात्याची तळी ठेवतात.

हा दगड पुरतो का, ते पाहू. वारा घराला नुसता ढकलतो अशी आपली समजूत असते. छताच्या बाबतीत तसे नाही. छतावरून वेगाने जाणारी हवा आपल्या खाली दाब कमी करते, त्यामुळे पत्रा वर ओढला जातो. कडेला आणि कोपऱ्यांत ही ओढ सर्वांत जास्त. वेग दर सेकंदाला मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि ०.६ ने गुणावे, म्हणजे एका चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला २० मीटर. दाब २४० न्यूटन, साधारण २४ किलो वजनाएवढा. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्याचा नकाशा दिलेला आहे. त्यात पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर वेग धरलेला आहे. ३९ मीटरला दाब होतो चौरस मीटरमागे ९० किलोंच्या वर. आणि आपला पत्रा? चौरस मीटरला चार-पाच किलो. वरचा दगड धरून हिशेब वाचकांनीच करावा.

आमच्या शाळेत हा हिशेब आम्ही फार उशिरा केला. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका अवकाळी वादळात आठवीच्या वर्गाचे सगळे पत्रे अँगलसकट उचलले गेले आणि शेजारच्या बोळात जाऊन पडले. सुट्टी होती म्हणून पोरे वाचली. अल्हम्दुलिल्लाह, याशिवाय काय म्हणावे! दुसऱ्या दिवशी आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्री चाचांनी वर पाहिलेच नाही. आधी त्यांनी दार पाहिले. "कडी नहीं लगी थी सर. हवा अंदर घुसी, फिर उसको निकलने का रस्ता नहीं मिला." अभियांत्रिकीची पुस्तके हेच सांगतात. वाऱ्याकडचे दार उघडे राहिले की आतली हवा पत्र्याला खालून ढकलते, वरची ओढते, आणि दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात. अँगल भिंतीत विटांच्या दोन थरांखाली नुसते दाबलेले होते. बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण कसे काढावे हे शिकविले. वर्गाचे छत कशाने धरले आहे ते पाहावे, हे कोणी शिकविले नाही.

आपल्या समाजात विज्ञानाचा विषय निघाला की इब्न सीना आणि अल-बिरुनीपर्यंत जाऊन गाडी थांबते. वाऱ्याच्या बाबतीत तरी थांबायचे कारण नाही. दहाव्या शतकात इस्तखरीने सिस्तानच्या पवनचक्क्यांची नोंद केली, आणि आज आमच्या बालाघाटच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात. विसाव्या शतकात वाऱ्याला उंच इमारतीत कसे सांभाळावे हे जगाला दाखविले ते ढाक्याच्या फजलुर रहमान खान यांनी. १९२९ चा जन्म, १९५२ मध्ये शिकायला अमेरिकेला गेले. उंच इमारतीला खरा त्रास वजनाचा नसून आडव्या वाऱ्याचा असतो. म्हणून आतल्या खांबांवर भिस्त न ठेवता बाहेरची सगळी चौकटच एका पोकळ नळीसारखी ताठ करावी, ही त्यांची कल्पना. शिकागोचे १०० मजली जॉन हॅनकॉक सेंटर आणि नऊ नळ्या एकत्र बांधल्यासारखा ४४२ मीटर उंच सिअर्स टॉवर तिच्यावर उभे राहिले. जेद्दाहच्या विमानतळावर हाजींसाठी जे तंबूंचे विराट छत आहे, त्याचे अभियंतेही तेच. हजला जाऊन आलेल्या आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बुजुर्गांनी त्याखाली सावली घेतली आहे; ते छत कोणी बांधले हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. खान साहेबांचा इंतकाल १९८२ मध्ये झाला, तोही जेद्दाहमध्येच.

कुरआनात आद कौमेची हकीकत आहे. उंच इमारती बांधणारी, ताकदीचा गर्व असलेली ती कौम सात रात्री आणि आठ दिवसांच्या वाऱ्याने संपली. जुम्याच्या बयानात ही हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि गर्वाविषयी ऐकतो. ते बरोबरच आहे. पण आमच्या मोहल्ल्यात पत्र्यावर दगड ठेवून झोपणाऱ्या विधवेला कसला गर्व? कारखान्यावर ऊसतोडीला जाऊन पाचटाच्या कोपीत सहा महिने काढणाऱ्याला कसला? वादळ झाले की पंचनामा होतो, 'पत्रे उडाले' एवढीच नोंद पडते. पत्रे कशाने बांधले होते, हा रकाना आम्ही तरी त्यात कधी पाहिला नाही.

आमच्या वर्गाचे छत पुन्हा घालताना मिस्त्री चाचांनी भिंतीवर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा ओतला, त्यात आधीच सळया सोडून अँगल त्यांना जोडले, आणि पत्र्याला खिळ्यांऐवजी हुक बोल्ट लावले. मधल्या भागात अंतराने, कडेला आणि कोपऱ्यांत दाट. पुढे आलेला दोन फुटांचा पत्रा त्यांनी कापून एक फुटावर आणला, कारण तिथेच वारा हात घालतो. बोल्टांचा खर्च पत्र्यांच्या खर्चापुढे किरकोळ होता. नववीच्या मुलींनी ०.६ ने गुणून सगळ्या छताची ओढ काढली, तिला बोल्टांच्या संख्येने भागले आणि एकेका बोल्टावर किती किलो येतात ते फळ्यावर लिहिले. मग त्यांतल्या एकीने विचारले, "सर, आमच्या घरी तर एकही बोल्ट नाही, तिथे कशाने भागायचे?"

त्या शनिवारी आम्ही आणि मिस्त्री चाचा तिच्या घरी शिडी लावून चढलो. पत्र्यावर अकरा दगड होते.