न्यूनाधिक चिन्हांची कुळकथा

गणितशास्त्रांत समतेचा मान मोठा. असमतेकडे मात्र धाकट्या भावासारखें पाहण्याची आपली रीत आहे. वस्तुतः ही धाकटी मुळींच नव्हे. परिघ व्यासाच्या नेमका किती पट, हें आर्किमिडीजनें सांगितलें नाहीं. तो ३ १/७ पटींहून कमी व ३ १०/७१ पटींहून अधिक असतो, एवढेंच त्यानें सिद्ध केलें. उत्तर नेमकें नव्हतें, तरी खात्रीचें होतें.

या विचारास चिन्ह मिळावयास मात्र फार काळ लोटला. समतेचें चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यानें १५५७ सालीं छापलें. ‘अधिक’ व ‘न्यून’ यांचीं आजचीं चिन्हें टॉमस हॅरियट याच्या बीजगणितावरील ग्रंथांत १६३१ सालीं छापून आलीं. तेव्हां ग्रंथकारास मरून दहा वर्षें झालीं होतीं.

आतां विद्यार्थ्यांस नडणारी गोष्ट. ऋण संख्येनें गुणिलें वा भागिलें असतां चिन्ह उलटतें, हा नियम आम्हीं पुष्कळ वर्षें मंत्रासारखा पढविला. एकदां वर्गांतील एका मुलीनें ‘कां?’ म्हणून विचारिलें, आणि आम्हांस पुस्तकांतील वाक्यापलीकडे कांहीं सांगतां आलें नाहीं. तें शल्य मनांत घेऊन आम्ही जुने ग्रंथ चाळूं लागलों, आणि वाट दाखविली ती जॉन वॉलिस याच्या १६८५ च्या बीजगणितानें. त्यांत एक मनुष्य सरळ रेषेवर पांच यार्ड पुढें जातो व आठ यार्ड मागें येतो. म्हणजे निघाल्या जागेच्या तीन यार्ड मागें, ऋण तीनवर, येऊन ठेपतो.

हीच रेषा वाचकांनीं डोळ्यांपुढें ठेवावी. ५ हा २ च्या उजवीकडे आहे. दोघांसही −१ नें गुणणें म्हणजे सबंध रेषा शून्याभोंवतीं अर्धा फेरा फिरविणें. मग −५ हा −२ च्या डावीकडे जातो. क्रमच उलटला, तर चिन्ह कसें न उलटावें? म्हणून ७ − २क्ष > १ यांतून −२क्ष > −६, व त्यांतून क्ष < ३ निघतें. रेषेवर ३ पाशीं पोकळ वर्तुळ काढावें, कारण ३ स्वतः उत्तरांत नाहीं. आणि डावीकडील सारी रेषा ठळक करावी.

७ − २क्ष = १ याचें उत्तर एक बिंदु; या असमीकरणाचें उत्तर मात्र अमर्याद प्रदेश. अशा अनेक असमीकरणांनीं वेढिलेल्या प्रदेशांतून सर्वांत लाभदायक बिंदु शोधण्याची रीत जॉर्ज डँटझिग यानें १९४७ सालीं काढिली. ‘कमी’ आणि ‘अधिक’ यांच्या हिशेबावर व्यवहार चालतो, हें त्यानें शास्त्रास पटविलें.

त्या मुलीस द्यावयाचें उत्तर राहूनच गेलें. तें येथें देत आहों.