संपायच्या आधी बघून घेऊ? एक लेखक, चार प्राणी

आजची गोष्ट आहे संपत चाललेले प्राणी बघायला जगभर हिंडलेल्या एका लेखकाची. आणि त्याहून जास्त, तो बघून गेल्यावर त्या प्राण्यांचं पुढे काय झालं याची.

डग्लस ॲडम्स हे नाव आम्हा कोडिंगवाल्यांना पाठ असतं. '४२' हे उत्तर ज्याचं, तोच हा. १९८५ मध्ये ब्रिटनच्या 'ऑब्झर्व्हर' पेपरने आणि डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला मादागास्करला पाठवलं, आय-आय नावाचा दुर्मिळ लेमूर शोधायला. सोबतीला मार्क कारवर्डिन हा प्राणिशास्त्रज्ञ. ॲडम्सला प्राण्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण रात्री जंगलात तो आय-आय दिसला आणि गडी त्यात अडकला तो अडकलाच. १९८८ ला दोघं परत निघाले, अशाच प्राण्यांच्या मागे. त्यातून बीबीसीवर रेडिओ मालिका झाली, म्हणजे त्या काळचा पॉडकास्टच म्हणा, आणि १९९० मध्ये 'लास्ट चान्स टू सी' हे पुस्तक आलं.

त्यातले चारच प्राणी आज घेऊ. चौघांना बघायला गेलेली माणसं तीच, पुस्तक तेच. निकाल मात्र चार तऱ्हेचे.

पहिला बैजी, चीनच्या यांगत्झी नदीतला डॉल्फिन. पाणी इतकं गढूळ की डोळ्यांचा फारसा उपयोगच नाही, सगळा कारभार आवाजावर. ॲडम्सला ऐकायचं होतं, पाण्याखाली कसं वाटत असेल. माइक भिजू नये म्हणून त्याला कंडोम चढवायचं ठरलं, आणि त्यासाठी या लोकांनी शांघायमध्ये दुकानं पालथी घातली! माइक पाण्यात सोडल्यावर ऐकू आली ती नुसती बोटींच्या इंजिनांची घरघर. आवाजावर जगणाऱ्याच्या घरात चोवीस तास डीजे. बैजी नदीत काही दिसला नाही. पण टोंगलिंग गावात त्याच्या नावाची बिअर होती, हॉटेल होतं. नाव सगळीकडे, प्राणी कुठेच नाही. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी दोन बोटी घेऊन सहा आठवडे नदी पिंजून काढली. एकही सापडला नाही.

दुसरा, उत्तरेकडचा पांढरा गेंडा. तेव्हाच्या झाईरमध्ये, गारांबा नॅशनल पार्कात, १९८४ च्या सुमारास हे गेंडे पंधराच्या आसपास उरले होते. पहारा नीट बसला आणि ॲडम्स गेला तोवर आकडा बावीसवर आला होता. म्हणजे गाडी रुळावर येत होती. पुढे देशात युद्ध पेटलं, बंदुका स्वस्त झाल्या, शिंगासाठी शिकार वाढली आणि पहाऱ्याची घडी विस्कटली. १९ मार्च २०१८ ला केनियात 'सुदान' नावाचा शेवटचा नर गेला. आज दोनच माद्या आहेत, त्याची मुलगी नाजिन आणि नात फातू.

तिसरा काकापो. न्यूझीलंडचा गुबगुबीत पोपट, ज्याला उडता येत नाही. वटवाघळं सोडली तर त्या देशात जमिनीवरचे सस्तन प्राणी नव्हतेच, त्यामुळे पळायची सवय या पक्ष्याला कधी लागली नाही. माणसासोबत उंदीर, मांजरं आणि स्टोट आले आणि खेळ आटोपत आला. ॲडम्सच्या वेळी चाळीसच्या आसपास पक्षी होते. पण डॉन मर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उरलेले पक्षी उचलून शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर नेले. प्रत्येकाला नाव दिलं, पाठीवर ट्रान्समीटर बसवला. विणीच्या काळात रात्र रात्र घरट्यांवर लक्ष ठेवलं. २०२२ मध्ये काकापो २५२ झाले.

चौथा, डोंगरी गोरिला. इथे तर खुद्द 'बघायला जाणं' हाच वादाचा मुद्दा होता. १९७९ मध्ये रवांडात अभयारण्याची जमीन गुरांसाठी द्यायचा घाट चालला होता. बिल वेबर आणि एमी वेडर या जोडप्याने सुचवलं: थोड्या पर्यटकांना आणा, गोरिलाच देशाला पैसे मिळवून देईल. डायन फॉसीचा याला विरोध होता. माणसांचे आजार गोरिलांना लागतील ही तिची भीती, आणि ती खोटी नव्हती. म्हणून नियम कडक झाले: आठ माणसं, एक तास, लांबून. १९८१ ला विरुंगाच्या डोंगरात अडीचशेच्या आसपास गोरिला होते. आज सगळे मिळून हजाराच्या वर आहेत. रवांडात परमिट १,५०० डॉलर, आणि पार्कच्या कमाईतले दहा टक्के शेजारच्या गावांना जातात. मात्र हे फुकटात झालेलं नाही. काँगोच्या विरुंगा पार्कात आजवर दीडशेहून जास्त रेंजर मारले गेलेत.

आमच्या क्षेत्रात डॅशबोर्ड दहा जण बघतात, पण सर्व्हर वाचतो तो रात्री तीनला फोन वाजल्यावर उठणाऱ्या एकामुळे. इथेही तेच दिसतं. बैजी लोकांना माहीत होता, पण नदीतली बोट थांबवायची ताकद कुणाकडे नव्हती. गेंड्याजवळ माणसं होती, त्यांच्या पायाखालचा देशच हलला. काकापो आणि गोरिला वाचले, कारण कुणीतरी तिथे वर्षानुवर्षं रोज ड्यूटीवर राहिलं आणि त्यांचा पगार, त्यांची सुरक्षा कुणीतरी सांभाळली.

सध्या आमच्या मित्रांच्या ग्रुपवर रवांडाची लिंक फिरतेय. एक जण म्हणाला, "अरे, संपायच्या आधी बघून घेऊ!" परमिटच सव्वा लाखाच्या वर, विमान वेगळं. मी बहुतेक जाईन, दोन वर्षं पैसे साठवून. पण 'संपायच्या आधी' हे कारण मला पटत नाही. जायचं असेल तर आपला पैसा रेंजरपर्यंत आणि गावापर्यंत पोचतो का, हे आधी विचारायचं. नसेल पोचत, तर आपण फक्त फोटो काढून येणार.

आणि हो, यासाठी रवांडाच लागतं असंही नाही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून माळढोकचं अभयारण्य आहे. देशभरात हा पक्षी आता दीडशेहूनही कमी उरलाय. नान्नजला एसटीने जाता येतं. माळढोक दिसेल याची खात्री मात्र आता कुणी देत नाही.

भेटू पुढच्या भागात.