इंधन फिल्टर : घरी बदलणे

टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोल किंवा डिझेलमधील गंज, गाळ आणि (डिझेल गाडीत) पाणी अडवणारा मोटारीचा भाग म्हणजे इंधन फिल्टर. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या डबीत घड्या घातलेला खास कागद, एवढीच त्याची रचना. कार्ब्युरेटरच्या काळात कचरा अडकला तर जेट काढून फुंकून साफ करता येई. आजच्या कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) डिझेल इंजिनात इंधनाचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत चढतो आणि इंजेक्टरमधील फटी मोजक्या मायक्रॉनच्या असतात. तिथवर पोचलेला बारीक कणही महागडा इंजेक्टर निकामी करतो. म्हणून या स्वस्त भागाकडे दुर्लक्ष करणे परवडत नाही.

फिल्टर तुंबला की चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडीला पिकअप राहत नाही, इंजिन मिसिंग करते, सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. हीच लक्षणे खराब प्लग किंवा थकलेल्या इंधन पंपाचीही असतात. बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तीच पाळावी.

धुळीच्या आणि दमट आखातातले उदाहरण घ्यायचे तर, बहारीनच्या पूर्व किनाऱ्यावर, मनामाच्या दक्षिणेला, अल्बाच्या ॲल्युमिनियम कारखान्याजवळ अस्कर हे गाव आहे. अशा ठिकाणी धुळीने इंधन फिल्टर लवकर जातो असे अनेकांना वाटते. पण शमाल (वायव्येच्या) वाऱ्याबरोबर येणारी धूळ बसते ती एअर फिल्टरवर; इंधन बंद नळीतून येते. किनाऱ्यावर त्रास होतो तो दमट हवेचा. अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी होते, आणि पत्र्याची टाकी असेल तर गंजही धरतो. तेथील पंपांवर मिळणाऱ्या ‘जय्यद’ (९१) आणि ‘मुमताज’ (९५) या पेट्रोलांतील फरक ऑक्टेनचा आहे. महाग पेट्रोल भरले म्हणून फिल्टर जास्त टिकेल असे समजू नये.

आखातातील मराठी कुटुंबाची गावाकडे महिनोन्महिने उभी राहणारी गाडी हा वेगळा प्रश्न. भारतातील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या टाकीतला साचलेला थर सोडवून फिल्टरपर्यंत आणते. अशी गाडी सुट्टीत चालू करताना फिल्टरवर आधी लक्ष द्यावे.

घरी काम करावे की नाही, हे फिल्टर कुठे आहे त्यावर ठरते. जुन्या गाड्यांत तो बॉनेटखाली किंवा गाडीच्या पोटाशी नळीत बसवलेला असतो. तो बदलणे हौशी माणसाच्या आवाक्यातले आहे. अलीकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत मात्र तो टाकीतल्या पंपाला जोडलेला असतो. त्यासाठी मागची सीट काढून, प्रसंगी टाकीच उतरवून, पेट्रोलची वाफ कोंडलेली टाकी उघडावी लागते. हे काम गॅरेजवरच सोपवावे.

फ्यूएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंजिन बंद केल्यावरही नळीत सुमारे ३ ते ४ बार दाब राहतो, म्हणजे टायरमधील हवेच्या दीड-दोन पट. तसाच पाइप सोडला तर पेट्रोलची पिचकारी डोळ्यांत किंवा तापलेल्या सायलेन्सरवर उडते. म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करावी. ती आपोआप बंद पडली की एकदा सेल्फ मारून पाहावा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि जोडावर फडके गुंडाळून क्लिप हळू सोडावी. नवा फिल्टर बसवताना त्यावरील बाण इंजिनाच्या दिशेने हवा. जुने वॉशर आणि ओ-रिंग पुन्हा वापरू नयेत. शेवटी फ्यूज आणि तार जोडून, सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा चालू-बंद करावी, म्हणजे पंप नळीत दाब भरतो. प्रत्येक जोड बोटाने चाचपून कोरडा असल्याची खात्री झाल्यावरच इंजिन चालू करावे.

डिझेल गाडीत नळीत शिरलेली हवा (एअर) काढणे हा जास्तीचा टप्पा. हँड प्रायमर (हाताने दाबायचा छोटा पंप) असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबतात. काही गाड्यांत त्यासाठी ब्लीड स्क्रूही सोडतात. एअर धरलेली गाडी सेल्फ मारत राहिल्याने चालू होत नाही, बॅटरी मात्र उतरते. कॉमन रेलची उच्च दाबाची नळी इंजिन चालू असताना कधीही सैल करू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते.

जागा उघडी हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये ती जमिनीलगत साठते आणि एका ठिणगीने भडकते. आखातातील फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तिथे हे काम करूच नये. सिगारेट आणि चालू फोन दूर ठेवावेत, भुकटीचे अग्निशामक हाताशी ठेवावे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची जुनी सवय घातक आहे. ते फुप्फुसात गेल्यास जीव धोक्यात येतो.

काढलेल्या फिल्टरमध्ये इंधन राहतेच. बहारीनमधील घरगुती कचऱ्याची भरावभूमी अस्करच्याच परिसरात आहे आणि कचऱ्याला आग लागायला ओला फिल्टर निमित्त होऊ शकतो. म्हणून तो उघड्यावर निथळवून, झाकणाच्या डब्यात घालून, वापरलेले इंजिन ऑइल स्वीकारणाऱ्या गॅरेजकडे द्यावा. निथळलेले इंधन गटारात ओतू नये.